आधी भाग मोजा, मग खून करा

माननीय संपादक महाशय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘ट्विन पीक्स’ या अमेरिकन रहस्यमालिकेवर लेख आला. मालिका काळाच्या पुढची होती, प्रेक्षकाला ती झेपली नाही, म्हणून दोन हंगामांत गुंडाळावी लागली. आणि गोव्यातल्या एखाद्या गावावर तशी मालिका काढायची तर आधी आपला प्रेक्षक घडवावा लागेल, असा त्याचा एकूण सूर. संहिता आणि संकलन हेच रोजचे काम असलेल्या आम्हा काहीजणांना हे निदान पटले नाही. प्रेक्षकावर खापर फोडणे सोपे असते, पण हिशेब मांडला तर दोष दुसरीकडे निघतो.

८ एप्रिल १९९० रोजी एबीसी वाहिनीवर दोन तासांचा पहिला भाग लागला तेव्हा सुमारे साडेतीन कोटी लोकांनी तो पाहिला. लोकांना झेपत नव्हते म्हणावे तर हा आकडा कुठून आला? पहिला हंगाम या भागासह आठांचा, दुसरा बाविसांचा, एकूण तीस. लॉरा पामर या शाळकरी मुलीला कोणी मारले हे प्रेक्षकाला १० नोव्हेंबर १९९० च्या भागात कळले आणि १ डिसेंबरला, म्हणजे सतराव्या भागात, ते प्रकरण मिटले. (खुनी कोण ते इथे लिहीत नाही. आज पहिल्यांदा पाहायला बसणारेही असतात.) उरले तेरा भाग. जुन्या दूरदर्शनवर तेरा भाग म्हणजे एक अख्खी मालिका. आठवड्याला एक धरला तर पुरी तिमाही. एवढी जागा भरायला लेखकांच्या हाताशी काय होते?

मालिका रचणाऱ्या डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट या जोडीतल्या लिंच यांना खुनी उघड करायचाच नव्हता. वाहिनीने रेटा लावला. तिथेच मालिकेचा जीव गेला, असे लिंच पुढे सांगत राहिले. यात तथ्य आहे, पण अर्धेच. खुनी कळला की कोडे संपते, गाव काही संपत नाही. त्या गावात लाकडाची गिरणी होती, तिच्या मालकीवरून वाद होता, हॉटेलवाल्याचे सीमेपलीकडचे धंदे होते, नवराबायकोंची लफडी होती. प्रकरण मिटल्यानंतर लेखकांनी यातले फार थोडे वापरले. एका मुलाला मोटारसायकलवर बसवून गावाबाहेर पाठवले आणि तिथे त्याला परक्या बाईच्या नव्याच भानगडीत अडकवले. ज्या गावासाठी लोक टीव्ही लावत होते, त्या गावाची वेस मालिकेने स्वतःच ओलांडली. आमच्या मते खुनी सांगण्यापेक्षा ही चूक मोठी.

त्यात वाहिनीने वार बदलला. पहिला हंगाम गुरुवारी होता. दुसरा शनिवारी रात्री दहाला टाकला. ज्या तरुणांमुळे मालिकेची चर्चा झाली ते त्या वेळी घरी नसतात. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या बातम्यांनी काही शनिवार खाल्ले. १६ फेब्रुवारीनंतर प्रक्षेपण थांबवले, प्रेक्षकांच्या पत्रांच्या माऱ्यामुळे २८ मार्चला पुन्हा सुरू केले, आणि शेवटचे दोन भाग १० जूनला एकाच रात्री लावून विषय संपवला. साप्ताहिक रहस्यमालिकेत प्रेक्षक मागच्या आठवड्याचा धागा डोक्यात ठेवून येतो. दोन आठवड्यांचा खंड पडला की निम्मे धागे त्याच्या डोक्यातून जातात. मग ‘मागील भागात’ कितीही लांबवा.

आता त्यांच्याकडून उचलण्यासारखे काय ते बघू. लेखकजोडीने एक संवाद लिहिण्याआधी गावाचा नकाशा काढला होता: गिरणी कुठे, धबधबा कुठे, शाळा कुठे. गावाच्या पाटीवरची लोकसंख्या मुळात ५,१२० ठरली होती. इतके लहान गाव कोण बघणार, अशी वाहिनीला धास्ती. म्हणून शेवटी एक आकडा चिकटवून ती ५१,२०१ झाली. पाटी फुगली तरी लेखन पाच हजारांच्या गावाचेच राहिले, आणि ते बरे झाले. दुसरी गोष्ट, बहुतेक भागांत गावातला साधारण एकच दिवस येतो. सकाळी कॉफी, दुपारी चौकशी, रात्री कुणाच्या तरी घरात काहीतरी. ही चौकट फार कामाची. कोण कुठे होते याचा हिशेब लेखकालाही ठेवता येतो आणि प्रेक्षकालाही. शिवाय पात्रांचे कपडे भागभर तेच राहतात, म्हणजे चित्रीकरणाचा खर्चही वाचतो.

लिंच यांच्याबद्दल एक किस्सा नेहमी सांगतात. नेपथ्यातला फ्रँक सिल्व्हा नावाचा माणूस एका दृश्यात चुकून आरशात दिसला. लिंच यांनी ते दृश्य फेकले नाही, त्यालाच मालिकेतला सगळ्यांत भयानक चेहरा बनवले. किस्सा खरा आहे, पण आपल्याकडचे दिग्दर्शक तो ‘आधी ठरवू नका, सेटवर सुचेल’ याच्या समर्थनार्थ सांगतात. तो योगायोग पहिल्याच भागाच्या वेळचा. सुरुवातीला सापडलेली गोष्ट पुढे मुरवता येते; विसाव्या भागात सापडलेली ठिगळासारखीच दिसते. हेच लिंच २०१७ मध्ये अठरा भाग घेऊन परतले तेव्हा सगळी संहिता आधी सलग लिहून झाली होती, सगळे भाग त्यांनी स्वतः दिग्दर्शित केले आणि भाग पाडले ते नंतर.

आपल्याकडची गोष्ट. २०१६ साली सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झाली आणि गोव्यातही घरोघरी पाहिली गेली. एक घर, एक वेस, एक बोली: चौकट भक्कम होती. दुसऱ्या पर्वात, २०१९ मध्ये, लेखक पुढे न जाता मागे गेले, अण्णा नाईक जिवंत असतानाच्या काळात. ‘ट्विन पीक्स’वाल्यांनीही १९९२ च्या चित्रपटात हेच केले होते, मुलीच्या मृत्यूआधीचे दिवस दाखवले. कोडे सुटल्यावर पुढे रेटण्यापेक्षा मागे जाणे शहाणपणाचे, एवढे यावरून दिसते.

पण रोजच्या मालिकेचे गणित रहस्याच्या मुळावरच येते. जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. शीर्षकगीत आणि उजळणी वजा जाता अर्ध्या तासात हाती २२ मिनिटे उरतात. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला ३१२, म्हणजे ११४ तासांहून अधिक कथा. तेरा भागांची मालिका केली तर तीच कथा पावणेपाच तासांत बसते. एका खुनाला पाच-सहा संशयित पुरतात. पावणेपाच तासांत प्रत्येकाला पाऊण-एक तास मिळतो, तेवढ्यात माणूस उभा राहतो आणि संशयही फिरतो. ११४ तासांत तेच संशयित आळीपाळीने पंधरा वेळा संशयित होतात, आणि तिसऱ्या फेरीनंतर प्रेक्षकाला कोणीही खुनी निघाला तरी फरक पडत नाही.

म्हणून लिहिताना सुरुवात भागांच्या संख्येपासून करावी. संख्या ठरली की ‘त्या रात्री’चे वेळापत्रक कागदावर काढावे, संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाने, प्रत्येक पात्र कुठे होते त्याचे. ते पडद्यावर कधीच येत नाही, पण त्यात विसंगती राहिली तर नवव्या भागात उघडी पडते. प्रत्येक पात्रापुढे तीन खाने: त्याला काय माहीत आहे, तो काय सांगतो, तो काय लपवतो. खुन्याखेरीज बाकीच्यांनीही काहीतरी लपवलेले असलेच पाहिजे, आणि ते खुनाशी संबंधित नसले पाहिजे. मुख्य धागा प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरून तीनदा जावा: एकदा सहज, एकदा चुकीच्या अर्थाने, एकदा खऱ्या अर्थाने. पहिला उल्लेख चौथ्या भागानंतर आला तर फसवणूक वाटते. खोटा माग दोन-तीन भागांत मिटवावा. जास्त ताणला की तो खोटा आहे हे घरातली म्हातारीसुद्धा ओळखते.

आता गोवा. आपल्या गावांवर रहस्य का उभे राहत नाही, असे लेखात विचारले आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद पडले तेव्हा मुंबईच्या मालिका इकडे आल्या, आणि मेमध्ये करोना वाढल्यावर परवानग्या रद्द होऊन गेल्या. त्यांनी दाखवलेला गोवा म्हणजे रिसॉर्टची हिरवळ. खुनाची जागा म्हणून किनारा तर इतका वापरून झाला आहे की त्याकडे बघवत नाही. रहस्यासाठी गोव्यात सर्वांत उत्तम जागा किनाऱ्यावर नाही, खाजन शेतीत आहे, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतांत.

खाजनाच्या बांधाला जिथे मानस, म्हणजे पाण्याची वाट, असते तिथले दार बघा. नदीला भरती आली की पाण्याच्या दाबाने ते आपोआप बंद होते, खारे पाणी शेतात येत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, दार नदीच्या बाजूला उघडते आणि पाणी बाहेर जाते. आता समजा, सकाळी मानशीच्या आतल्या बाजूच्या डोहात, पोंयीत, प्रेत सापडले. नदीत पडलेला माणूस वाहत तिथे येऊच शकत नाही: भरतीला दार बंद, ओहोटीला प्रवाह बाहेर. म्हणजे एक तर तो आतच बुडाला, किंवा त्याला आत आणून टाकला, किंवा कोणीतरी भरतीच्या वेळी दार मुद्दाम उघडे ठेवले. मानशीवर मासे धरण्याचा दरवर्षी लिलाव होतो, आणि जास्त मासळीच्या लोभाने खारे पाणी आत घेतल्याचे आरोप गावोगाव होतात. शेत खारे झालेला शेतकरी, लिलाव घेतलेला माणूस, रात्री जाळे लावणारा गडी. तीन संशयित तर दाराने आपणच आणून दिले.

शास्त्रही इथे साथ देते. प्रेत आधी बुडते, आपल्या उष्ण हवेत साधारण एक-दोन दिवसांत फुगून वर येते. म्हणजे ‘काल रात्री’चा खून आज सकाळी तरंगताना दाखवू नये. माणूस जिवंत असताना बुडाला तर पाण्यातले डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शैवाळ, रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत पोचतात, आणि ते कुठल्या पाण्यातले हे जागेवरच्या पाण्याच्या नमुन्याशी ताडून बघता येते. पावसाळ्यात खाजनातले पाणी गोडे, नदीचे मचूळ. दोन्हीकडचे डायटम वेगळे. पण नमुना त्याच दिवशी घ्यायला हवा. पंचनामा करणाऱ्या हवालदाराला ते सुचले नाही आणि त्या रात्री कोणी दार उघडून खारे पाणी आत घेतले, तर पुरावा गेला. एवढ्यावर दोन भाग उभे राहतात, आणि तेही भुताशिवाय.

तिथे चित्रीकरण करणाऱ्यांसाठी सूचना: भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. राहिलेले दृश्य बरोबर आठवड्याने त्याच वेळी घ्यायला गेलात तर भरतीच्या जागी ओहोटी मिळेल, दार उलट दिसेल. पंधरा दिवसांनी जावे, पाणी साधारण जुळते. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक मिळते. नदीत जितके आत जाल तितकी वेळ मागे पडते, ती स्थानिक मच्छीमाराला विचारून घ्यावी. पावसाळी कथा पावसात घ्यायची तर कौलांच्या आवाजात संवाद हरवतात, तेव्हा डबिंगचा खर्च आधीच धरा.

हेतूच्या बाबतीत मुंबईचे लेखक हमखास घसरतात. ‘म्हाताऱ्याने मृत्युपत्र बदलून सगळे एकाच्या नावे केले, म्हणून बाकीच्यांनी काटा काढला’ हे कथानक गोव्यात लंगडे पडते. इथल्या वारसा कायद्यानुसार मुलांचा अर्धा वाटा राखीव असतो. मृत्युपत्राने फार तर उरलेला अर्धा हवा तसा देता येतो. बायकोने इस्टेटीसाठी नवऱ्याला मारले हेही तसेच. लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर निम्मी मालमत्ता आधीपासून तिचीच असते, आणि नवऱ्याचा निम्मा भाग प्रथम मुलांकडे जातो. मारून तिच्या पदरात काय पडणार? गोव्यातला खरा हेतू शोधायचा तर इन्व्हेंटरी प्रकरणात, म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या वाटपाच्या न्यायालयीन कामात, शोधा. तिथे सगळ्या वारसांची यादी लागते. लिस्बनला गेलेला काका, आखातातला चुलतभाऊ, ज्याचे नाव यादीत घातलेच नाही असा कोणी. तो गणपतीला नाहीतर फेस्ताला अचानक गावात उगवतो. त्याचे कागद पोर्तुगीजमध्ये, ते वाचणारा गावात एकच म्हातारा. बाहेरचा गुप्तहेर आणायची गरजच काय?

देवस्थानच्या महाजनकीचे (वंशपरंपरागत हक्कांचे) वाद, कुळांचे आणि मुंडकारांचे (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचे) दावे, कोमुनिदादच्या (गावाच्या सामाईक संस्थेच्या) जमिनी याही खाणी आहेत, पण त्यांचे कागद नीट समजून घेतल्याशिवाय हात घालू नये. जाणता प्रेक्षक तिथे लगेच चूक पकडतो आणि पुढचे काहीच खरे मानत नाही.

पोलिसांचेही असेच. प्रेत सापडले की लगेच खुनाचा गुन्हा दाखल होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (जुने १७४) अनैसर्गिक मृत्यूची नोंद, पंचनामा, मग शवचिकित्सा, बहुधा बांबोळीला नाहीतर मडगावला. लग्नाला सात वर्षे झालेली नसलेली बाई मेली असेल तर कार्यकारी दंडाधिकारी येतो. आपल्याकडे मामलेदार किंवा उपजिल्हाधिकारी. सरकारी अधिकारी कथेत आणायचा इतका सरळ रस्ता लेखक वापरत नाहीत. व्हिसेरा (शवातून काढून ठेवलेले अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत गेला की अहवालाची वाट बघावी लागते, पडद्यावर तो दुसऱ्या दृश्यात हजर होतो. उशीर हाच रहस्याचा मित्र आहे. अहवाल सहाव्या भागात येऊ द्या, तोवर गाव बोलत राहील.

शेवटच्या भागात खुनी निरीक्षकासमोर रडत कबुली देतो आणि फाइल बंद होते, हे तर बंदच करावे. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. साक्ष अधिनियमाचे कलम २३. मात्र त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. तेव्हा शेवट अश्रूंवर नको, वस्तूवर हवा: पोंयीच्या गाळातली किल्ली, मानशीच्या दाराचा निखळलेला बोल्ट, जे काही पहिल्या भागात सहज दाखवून ठेवले होते ते.

बोलीबद्दल एवढेच की पेडण्यातल्या गावाला आणि सासष्टीतल्या गावाला एकच मालवणी चिकटवू नये.

कलाकारांची ददात नाही. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या गावोगावच्या मंडळांत असे चेहरे आहेत जे टीव्हीवर अजून कोणी पाहिलेले नाहीत. रहस्याला तेच हवे असते, कारण ओळखीचा मोठा नट दिसला की खुनी तोच हे प्रेक्षक श्रेयनामावलीतच ठरवतो. संहिता पूर्ण झाली की कॅमेरा बाहेर काढण्याआधी ती अशाच एखाद्या मंडळाला सलग वाचून दाखवावी. आठव्या भागानंतर थांबून प्रत्येकाला चिठ्ठीवर खुन्याचे नाव लिहायला सांगावे. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या बरोबर निघाल्या तर दुसरा उल्लेख फार ठळक झाला आहे, तो झाकावा. एकही बरोबर नसेल तर धागा दिसतच नाही, पहिला उल्लेख वर आणावा. दोन वाचनांत बहुतेक दुरुस्ती होते आणि खर्च चहा-भज्यांचा.

पणजी दूरदर्शन असो वा खासगी निर्माता, कोणी हे मनावर घेणार असेल तर करारात तीन ओळी आधी लिहून घ्याव्यात. भाग तेरा. वार आणि वेळ शेवटच्या भागापर्यंत तीच. मालिका चालली म्हणून भाग वाढवायचे झाल्यास याच खुनाला फाटे फोडायचे नाहीत; त्याच गावातले नवे प्रकरण, नवी संहिता, नवा करार.

आपले,
संहितालेखन व संकलन करणारे काहीजण,
फोंडा, गोवा